सूचक म्हणून तुमचं नाव

नाना, तुम्ही जाऊन आठवडा झाला, पेपरात अजून तुमच्यावर छापून येतंय. एकानं तुम्हाला ग्रामस्वराज्याचा पहारेकरी केलंय, दुसऱ्यानं दिल्लीला नडणारा आमदार. फोटो सगळीकडे एकच, जाकिटातला, ज्यात तुम्ही भलतीकडेच बघताय. मी सगळं वाचून काढलं. खोटं कुणीच लिहिलेलं नाही. पण आमदार असताना तुम्ही स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला सहा वर्षं फिरकला नव्हतात, हेही कुणी लिहिलेलं नाही. मला ते माहीत आहे, कारण हजेरी मी घ्यायचे.

तुमच्या गावात मी अकरा वर्षं ग्रामसेविका होते. गाव मला मॅडम म्हणायचं, तुम्ही नुसतं बाई. आता म्हणे त्या पदाला भारदस्त नाव मिळालंय. मी जुन्या नावावरच निवृत्त झाले. सेलूहून सकाळच्या बसनं यायचं, पंचायतीचं कुलूप काढायचं, दाखले द्यायचे, वरून आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायची. तुम्ही मुंबईहून आलात की टेकायला पंचायतीत यायचात. बंगल्यावर माणसं कामं घेऊन बसलेली असत आणि इथं मी फक्त वाद घालायचे, म्हणून येत असाल.

वाद एकच होता आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, गावाचं गावानं ठरवावं. आपल्या विहिरीची किल्ली आपल्या खुंटीला पाहिजे. मी म्हणायचे, गाव म्हणजे कोण? माझा जन्म बौद्धवाड्यातला. आजोळी आमच्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी यायचं, आणि ते तसं यावं हे गावानंच ठरवलेलं होतं, सर्वानुमते. दिल्ली लांब आहे, कुठली गल्ली कुणाची हे तिला माहीत नाही, म्हणून मला ती बरी वाटायची. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, "दिल्लीला गल्ली म्हाईत न्हाई, बाई, हेच तर दुखनं हाय." एकाच गोष्टीवरून आपण दोघं दोन टोकांना जायचो आणि मग शिपाई चहा आणायचा.

मग दिल्लीहून ते पत्र निघालं. मुंबई, परभणी, पंचायत समिती असं उतरत माझ्या मोबाइलवर आलं. घरोघरी नळाची योजना होती, पाणी धरणाचं. बदल्यात गावाची विहीर, टाकी आणि पाइपलाइन जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या एका नव्या यंत्रणेच्या नावावर करून द्यायची. व्हॉल्व्ह कोण उघडणार, कधी उघडणार, हेही तिकडूनच ठरणार. याला ग्रामसभेची मंजुरी हवी होती, आणि ती मंजुरी पत्रासोबतच जोडलेली होती. तारीख छापलेली, मजकूर छापलेला, 'सर्वानुमते' छापलेलं. गावाच्या नावापुरती जागा कोरी.

तुम्ही नागपूरच्या अधिवेशनात उभे राहिलात. ज्याचा मसुदा वरून येतो त्याला आदेश म्हणतात, ठराव म्हणत नाहीत, असं म्हणालात. गावानं हो म्हणावं की नाही, हा नंतरचा प्रश्न. पण नाही म्हणायची जागाच कागदावर ठेवली नसेल तर ग्रामसभा हवी कशाला, असंही विचारलंत. तुमचे स्वतःचे पक्षवालेही खाली माना घालून बसले होते. भाषण चांगलं झालं. मला पटलं नाही, पण चांगलं झालं.

त्याच दिवशी, नाना, तीच तारीख. इकडे तुमच्या गावात विशेष ग्रामसभा होती. कापसाची वेचणी जोरात होती, सभेला कोण येतंय? शिपायानं सतरंजी टाकली. सरपंच आले, रिकाम्या सतरंजीकडे बघितलं, आणि पाथरीला लग्न आहे म्हणून गेले.

आता आमचा दस्तूर काय होता, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. तेवढी नसली तर सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा भरवली की तिला माणसांची अट नाही. कायदा करणाऱ्यानं चांगल्या मनानं ठेवलेली ही सोय. आम्ही तिचा सरळ रस्ता करून टाकला होता. सभा कागदावर तहकूब करायची, कागदावरच पुन्हा भरवायची, ठराव लिहायचा आणि मग वही सह्यांसाठी गावात फिरवायची. रेशन दुकान, पिठाची गिरणी, मारुतीचा पार. लोक सही करताना पिकाच्या गप्पा मारायचे. यात काही खोटं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. घरोघरी मातीच्या चुली, कुठल्याही गावात विचारा.

त्यातच आणखी एक रीत होती. ठरावाला सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा माणूस. गटार, दिवाबत्ती यांना कुणीही चालायचा. पण ठराव मोठा असला की सूचक म्हणून नाव तुमचं. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं चार्ज देतानाच सांगितलं होतं, मोठ्या ठरावाला नाना, मान असतो. तुम्हालाही ठाऊक होतं. एकदा तुम्हीच वही चाळून म्हणालात, "मी असतो मुंबईत आन् हितं दर महिन्याला सूचना मांडतो. लय कष्ट पडायलेत मला." आपण दोघं हसलो होतो.

तर मी लिहिलं. ज्या वेळी तुम्ही नागपुरात त्या मजकुराविरुद्ध बोलत होतात, त्या वेळी मी पंचायतीच्या टेबलावर तोच मजकूर उतरवत होते. गावाचं नाव भरलं. सूचक या शब्दापुढे तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. हात सवयीनं गेला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण ठराव मला हवा होता, हेही खरं आहे. तुमचं नाव लिहिताना मनात कुठे थोडी गंमत वाटली की नाही, हे आज शपथेवर विचारलं तर मला नक्की सांगता येणार नाही. एवढं एक मी कुणाला बोलले नव्हते.

पुढच्या अधिवेशनात, मुंबईत, मंत्र्यांनी तो कागद काढला. तुम्ही बोलत होतात की गावांची संमती घेतलेलीच नाही. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या स्वतःच्या गावानं ठराव दिलाय, आणि सूचक आहेत स्वतः सन्माननीय सदस्य. सभागृह हसलं. तो व्हिडिओ मी पंचायतीत बसून पाहिला, मग बसमध्ये पाहिला. तुम्ही उभे होतात. तोंड उघडलंत. मंत्र्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलंत, आणि खाली बसलात.

एक वाक्य पुरेसं होतं. त्या तारखेला मी नागपुरात होतो, याच सभागृहात बोलत होतो. कामकाजात नोंद होती, कुणाला नाकारता आली नसती. तुम्ही ते वाक्य बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सूचक तेच, विरोधकही तेच. सेलूच्या स्टँडवर लोक मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि मी बसची वाट बघत उभी होते.

आठवड्यानं तुम्ही आलात. मी रात्रंदिवस त्याचीच तयारी केली होती. काय बोलाल, मी काय म्हणेन. तुम्ही प्रोसिडिंगची वही मागितलीत, ते पान वाचलंत, वही मिटलीत. मग विचारलंत, सभेला किती माणसं होती. मी म्हटलं, एकही नाही.

"मग अख्खी सभाच खोटी हाय," तुम्ही म्हणालात. "माझ्या येकट्याच्या नावाचं काय घिऊन बसायचं?"

चहा आला. तुम्ही तो फार सावकाश प्यायलात. मी लेखी देते, चूक माझी आहे, हे म्हणायची ती वेळ होती आणि ते आपल्या दोघांनाही कळत होतं. पण माझी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, घरात कमावणारी मी एकटी, आणि बनावट ठरावाला निलंबन हे ठरलेलं. मी टेबलावरचे कागद नीट लावत राहिले. तुम्ही कप खाली ठेवलात, "बरं बाई," म्हणालात आणि गेलात. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तुम्ही जे केलंत ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. ठराव फेरविचाराला घ्या म्हणून अर्ज दिलात, आमदार म्हणून नाही, गावचा मतदार म्हणून. दवंडीच्या मागे स्वतः दारोदार फिरलात. बौद्धवाड्यातही गेलात, तिथल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, निवडणूक लागली की काय. शाळेच्या पटांगणात दुपारी सभा भरली. मी माणसं मोजली, शंभराच्या वर होती. मला तर मोजायचीच सवय राहिली नव्हती. तुम्हाला खुर्ची देत होते, ती घेतली नाहीत, सतरंजीवर बसलात. मांडी घालताना गुडघा धरलात तेवढं आठवतंय.

तुम्ही बोललात. विहीर गावानं श्रमदानानं खोदली, मोटर जळली तर आज आपण दोन तासांत काढतो. उद्या परभणीला अर्ज करा, परभणी मुंबईला विचारील, मुंबई दिल्लीला. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात बौद्धवाड्यातली सोजरबाई उठली. दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी बाई, सभेत पहिल्यांदाच आलेली.

"नाना, हीर गावाची हाय म्हन्ता," ती म्हणाली. "मग आमच्या गल्लीला पानी शेवटीच कामून येतंय?"

 माझा इतक्या वर्षांचा वाद तिनं एका वाक्यात संपवला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तुमची कीव आली. जिंकल्यासारखं वाटलं नाही.

हात वर झाले. तुमचं म्हणणं पडलं. गावानं योजना घ्यायची ठरवली, विहीर-टाकी द्यायची ठरवली. पण दोन अटी घातल्या: व्हॉल्व्ह उघडणारा माणूस गाव नेमेल, आणि पाणी पहिल्यांदा शेवटच्या गल्लीला सुटेल. दुसरी अट सोजरबाईची, पहिली तुमची. मी तो ठराव लिहिला. नोकरीतला तो माझा पहिला ठराव, ज्याचा मजकूर मला आधी माहीत नव्हता.

कागद वर गेला आणि महिन्यानं परत आला. नमुन्यात बदल करता येणार नाही, अटी वगळून पाठवावा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही फक्त म्हणालात की पत्राची प्रत पाठवा.

पेपरवाले तुमच्या नागपूरच्या भाषणाचं कौतुक करतायत. मला विचाराल तर तुमचं खरं भाषण हे पुढचं, जे कुणी छापलं नाही. जेमतेम पाच मिनिटांचं. तुम्ही तो परत आलेला ठराव वाचून दाखवलात आणि म्हणालात, यात माझं म्हणणं हरलंय, त्याची माझी तक्रार नाही. माझ्या गावाचं म्हणणं परत का आलं, एवढंच सांगा. समोरून कुणी हसलं, मागच्या ठरावाची आठवण करून दिली. तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारलात. मग आणखी एकदा. असं तुम्ही कामकाज थांबेपर्यंत विचारत राहिलात. महिन्या-दोन महिन्यांनी एक मोघम पत्र आलं की पाणी सोडण्याच्या वेळा आणि माणूस हे स्थानिक पातळीवर ठरवण्यास हरकत नाही. त्या पत्राची एक झेरॉक्स मी घरी नेली. सोजरबाईच्या गल्लीला आज पाणी पहिल्यांदा सुटतं. योजना दिल्लीची, वेळ गावाची. आपल्या दोघांपैकी कोण बरोबर होतं, हे मला यावरून ठरवता आलेलं नाही.

पुढची निवडणूक तुम्ही हरलात. विरोधकांनी गावोगाव तोच कागद वाटला होता, सूचक म्हणून तुमच्या नावाचा. कारणं आणखीही असतील, पण ते एक होतंच.

त्यानंतर एकदाच मी विषय काढला. सेलूच्या स्टँडवर तुम्ही परभणीच्या बसची वाट बघत होतात, एकटेच, हातात पिशवी. मी विचारलं, त्या दिवशी का बसलात खाली.

"बोललो असतो तर तुमी घरी बसला असता, ही येक गोष्ट," तुम्ही म्हणालात. "दुसरी म्हंजी, मी म्हनलो असतो माझ्या गावचा ठराव खोटा हाय, तर समोरचा म्हनला असता, ज्या ग्रामसभेसाठी भांडायलाव ती हाय कुठं? आन् ती नव्हतीच, बाई. सा वर्सं मी सोता गेलो न्हाई."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बस आली, तुम्ही चढलात. मी तेव्हाही माफी मागितली नाही. आभारही मानले नाहीत. तुम्ही माझी नोकरी वाचवली होती, माझ्या पोरीचं शिक्षण वाचवलं होतं, आणि मी खाली उभी राहून तुमच्या खिडकीकडे फक्त हात केला. मला याची लाज वाटते, नाना.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी नव्या ग्रामसेवकाचा फोन आला. माणूस कामाचा आहे, चार्ज मीच दिला होता. ग्रामसभेचा शोकप्रस्ताव लिहायचाय, नानांच्या कार्याचा मजकूर द्या म्हणाला. सभा कधी आहे विचारलं, तर म्हणाला, तहकूब दाखवतो, सह्या दोन दिवसांत फिरवून घेतो. त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. हे त्याला शिकवलं कुणी? मी एवढंच म्हटलं की दवंडी द्या, मी येते.

माणसं आली. कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, प्रस्ताव झाला. मग मी सरपंचांकडे बोलायची परवानगी मागितली. मी गावची मतदार नाही, मला सूचना मांडायचा अधिकार नाही, हे आधी सांगितलं. आणि मग सांगितलं की पाण्याच्या पहिल्या ठरावाला सूचक म्हणून नानांचं नाव मी लिहिलं. नाना त्या दिवशी नागपूरला होते. सभा झालीच नव्हती. हे प्रोसिडिंगमध्ये यावं.

ग्रामसेवकाचा पेन थांबला. तो हळूच म्हणाला, चौकशी लागेल मॅडम, पेन्शनचं बघा. बरोबर होतं त्याचं. निवृत्तीला माझ्या अजून दोनच वर्षं झालीत, आणि मुलीनं आदल्या दिवशी फोनवर हेच सुनावलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "सह्या तर आमीच केल्यात, त्यायचं काय?" मी म्हटलं, तेही लिहा. पण सूचक कोण?  मी उभीच होते. इतकी वर्षं मी ज्या शब्दापुढे नावं भरली, तो शब्द माणसाशिवाय किती वेळ रिकामा राहू शकतो, हे पहिल्यांदा पाहिलं.

सोजरबाई उठली. "माजं नाव लिवा," ती म्हणाली. "मी नानाच्या इरोधात बोलले हुते, खऱ्याच्या न्हाई."

ग्रामसेवक लिहिता लिहिताच सर्वानुमते म्हणाला. मी म्हटलं, विचारा आधी. त्यानं विचारलं. दोन हात विरोधात वर झाले. एक तेव्हाच्या सरपंचांचा, ज्यांची त्या ठरावावर सही आहे. दुसरा तुमच्या धाकट्या भावाचा. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला आता सभेत कशाला उभं करायचं. ते चूक आहेत असं मला म्हणवत नाही.

ठराव बहुमतानं झाला. विरोधाची दोन्ही नावं लिहिली गेली. ग्रामसेवकानं वही मिटून काखेला मारली, सह्या सावकाश घेऊ म्हणाला. तर तुमच्या भावानंच हात पुढे करून ती मागून घेतली, चष्मा लावून ठराव पहिल्या ओळीपासून वाचला, विरोधातल्या आपल्या नावावर बोट ठेवून बघितलं, आणि तिथंच बसून सगळ्यात आधी सही केली.